तिसऱ्या खिडकीतले सोळा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. चष्म्याची भिंगं घासणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कागदाच्या पट्टीवर आकडे छापणं, एवढंच माझं काम.

मालकांच्या मेव्हण्यांनी मला लिहिलं. तेव्हा पट्टी अरुंद होती. म्हणून भिंगाचा नंबर, सिलिंडरचा, म्हणजे तिरकं दिसणं सुधारणारा, नंबर आणि तो बसवायचा कोन हे तिन्ही आकडे चिकटवून छापायला त्यांनी मला शिकवलं. प्रत्येकाला तीन घरं, दशांशचिन्ह नाही, अंक कमी पडला तर पुढे शून्य. २२५०७५१६५. दिसायला मी गचाळच होतो.

मशीनवरच्या काकांनी त्यावर तोडगा काढला. चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात त्यांनी तीन खिडक्या कापल्या. पुठ्ठा माझ्या ओळीवर ठेवायचा, खिडकीतला आकडा वाचायचा आणि भिंग घासायचं. अठरा वर्षांत त्यांचं एकही भिंग परत आलं नाही.

मग मालकांच्या सूनबाई काम बघू लागल्या. मी ज्या भाषेत लिहिलेला आहे, तिची नवी आवृत्ती त्यांनी आणली. ती आकड्यांमध्ये आपणहून जागा सोडते आणि पुढची शून्यं गाळते. माझ्यातला एक शब्दही न बदलता मी २२५ ७५ १६५ असं छापू लागलो.

"बघा बाबा, आता कोणालाही वाचता येईल," सूनबाई म्हणाल्या.

"वा! इतकी वर्षं हा तोंडात घास धरून बोलत होता," मालक हसले.

मीही खूश होतो. पण आठवड्याभरात चार चष्मे परत आले. एक शिक्षिका म्हणाल्या, "फळ्यावरची सरळ ओळ उताराला लागल्यासारखी दिसते हो!" बाकीचे चष्मे मात्र ठीक होते. मला काही उमगेना. मी १६५ छापलं होतं, काकांनी १६ धरून घासलं होतं.

मालकांना एकच कारण सुचलं. "काका, तुमचे डोळे थकले. सोमवारपासून डब्या भरायला बसा."

"भिंग डबीतच पडतंय ना, तेवढं कोणाला तरी बघायला ठेवा," काका म्हणाले.

मला ओरडून काहीतरी सांगायचं होतं. पण काय, तेच कळत नव्हतं.

शनिवारी काकांनी आपली जागा आवरली आणि पुठ्ठा सूनबाईंच्या हातात दिला. "नव्या माणसाला होईल."

सूनबाईंनी तो सहज ताज्या पट्टीवर ठेवला. तिसऱ्या खिडकीत १६ दिसत होतं. त्यांनी पुठ्ठा उचलला, १६५. पुन्हा ठेवला, १६. मधल्या जागेमुळे आकडा एक घर सरकला होता आणि पाच पुठ्ठ्याखाली दडला होता; दोन अंकी कोन मात्र खिडकीत पूर्ण मावत होते.

"काका, सोळाच्या आधी रिकामी जागा आहे. खटकली नाही?"

"शून्यं गाळतात आता, हे तूच सांगितलंस ना?"

"मग हा पुठ्ठा आहे, हे मला आधी सांगायचं ना!"

"तू कुठे विचारलंस, पोरी? पट्टी सुंदर झाली म्हणून सगळ्यांना दाखवत फिरलीस."

"पुठ्ठा फेका आणि नवं वाचायला शिका," मालक म्हणाले.

सूनबाईंनी जुनी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून पाहिली. उद्या येणाऱ्याला नवी ओळ सोपी होती, आणि अठरा वर्षं असलेल्याला जुनी. शेवटी त्यांनी मला नव्या आवृत्तीतच जुन्यासारखं छापायला शिकवलं. जास्तीचा एक शब्द टाइप केला, तरच मी सुटसुटीत छापतो. सोमवारी काका मशीनवरच होते.

परवा काकांनी स्वतःच तो शब्द टाइप केला. सुटी ओळ वाचली, मग जुनी मागवून तिच्यावर पुठ्ठा ठेवला. आकडे जुळले. "बरा दिसतोस की," ते मला म्हणाले आणि पुठ्ठा पुन्हा खिशात ठेवला.

माझा खरा चेहरा यातला कोणता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मित्रांनो, एक विनंती आहे. एखादी जुनी गोष्ट नीटनेटकी करायला घ्याल, तेव्हा तिच्यावर कोणी पुठ्ठा ठेवून वाचतंय का, हे आधी विचारा. मला विचारून उपयोग नाही. मी फक्त छापतो.