डोळे मिटायचा नियम

बोराडे गुरुजींचं नाव काढलं की सुरेखाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. का नाही जाणार? कशेळे गावाच्या पुढच्या शाळेत ती शिकायला होती तेव्हा, आदिवासी वाडीवरची पोर म्हणून त्यांनी तिला घड्याळचोर ठरवलं होतं. गळ्यात पाटी अडकवून सगळ्या शाळेसमोर उभं केलं होतं. घड्याळ नंतर त्यांच्याच घरी सापडलं, पण म्हाताऱ्यानं त्यावर चकार शब्द काढला नाही.

आता ती तिथेच दुसरीची बाई होती. तिच्या वर्गाचा एक नियम होता. चूक कबूल करायला कुणी उभं राहिलं, की बाकीच्यांनी डोळे मिटायचे, बाईंनीसुद्धा. त्या दिवशीच्या नजरा तिला अजून टोचत होत्या ना!

शनिवारी शाळा भरायच्या आधी तिच्या वर्गातली ओवी आली, गुरुजींची नात. दप्तरातून शाळेचं लोहचुंबक काढून तिनं बाईंच्या हातावर ठेवलं. खेळायला नेलं होतं म्हणाली आणि रडायला लागली. सुरेखानं तिला जवळ घेतलं, परत दिलंस ना, मग विषय संपला म्हणाली. मनापासून म्हणाली.

पण परिपाठाला मुलांना संस्कार सांगायला पाहुणे आले कोण, तर बोराडे गुरुजी! अंगावर शाल, हातात नारळ. सुरेखाचं डोकंच फिरलं. चुंबक पर्समध्ये असताना तिनं तोंड पाडून सांगितलं, की चुंबक चोरीला गेलंय. म्हातारा काय करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तसंच झालं. गुरुजी सरळ वाडीवरच्या हिरूकडे गेले. तिची पिशवी उलटी केली, काही सापडलं नाही तरी कान पिरगाळला. ह्यांना घरातच हे शिकवतात, असं वर म्हणाले.

सुरेखानं पर्स जवळ ओढली. ती ओवीकडे बघत होती.

ओवी उभी राहिली. "आजोबा, हिरूला सोडा. चुंबक मी नेलं होतं."

गुरुजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी नातीवर हात उगारला. तेवढ्यात दुसरीच्या पोरांनी कुणी न सांगता डोळे मिटले. कान चोळत हिरूनंही मिटले.

सुरेखानं मात्र मिटले नाहीत. गुरुजींचं ते पडलेलं तोंड ती पोटभर बघत होती, आणि पर्सची चेन तिनं मुठीत घट्ट धरली होती. बाई डोळे कधी मिटतात म्हणून ओवी तिच्याकडे बघत उभी होती.