नावाड्याचा आवाज

सोनमचं पत्र आलं तेव्हा कळसाडीत कापसाची वेचणी चालली होती. हेमकांत गुरुजींनी ते वाचलं, नीट घडी केली आणि शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर त्याच दिवशी लिहायचं मनात होतं. मग वाटलं, उद्या विचार करून लिहू. वेचणी संपली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, होळीसुद्धा पेटून विझली. गुरुजींचा विचार काही संपला नाही. विचार करणं हे त्यांचं न लिहिण्याचं जुनंच निमित्त होतं.

पत्र लहान होतं. सोनम त्यांची आश्रमशाळेतली विद्यार्थिनी, आता तोरणमाळच्या बाजूला एका पाड्यावर आशाताई म्हणून काम करणारी. तिने लिहिलं होतं:

"सर, आपली 'कोहारू की नाव' नव्याने येणार आहे. माझा भाऊ दिवाल्या तुम्हाला आठवत असेल. तो गुजरातला पाइपलाइनच्या खड्ड्यात काम करत होता. माती कोसळली आणि त्याचा जोडीदार गेला. दिवाल्या शेजारीच होता. तेव्हापासून तो बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, गळा चांगला आहे. मंत्र घालणाऱ्या बडव्याकडेही नेलं. घरात येईल तो त्याला बोल, बोल म्हणतो. तो नुसता मोबाईलवर चित्रं बघतो, आवाज बंद करून. सर, पहिल्या भागाला तुम्ही तुमचा आवाज द्याल का, शाळेत देत होता तसा? म्हाताऱ्या नावाड्याचा तर द्याच. आमच्याकडे नेटवर्क नाही, मेमरी कार्डात घालून पाठवा. चित्र मी शहाद्याहून उतरवून आणीन. होळीला आम्ही सगळे घरी असतो."

'आपली' हा शब्द गुरुजींना फार लागला. कार्टूनची मालिका जपानची, हिंदीत आणलेली, आणि ती म्हणे आपली! पण पोरीचं खोटं नव्हतं. आश्रमशाळेतल्या टीव्हीचा आवाज गेलेला होता आणि तो डबा घाट उतरवून दुरुस्तीला नेण्याची हौस कोणालाच नव्हती. आवाज असता तरी पावरी बोलणाऱ्या त्या पोरांना हिंदी कुठे कळणार होतं? मग जे गुरुजी शिक्षकांच्या बैठकीत नाव विचारलं तरी घामाघूम व्हायचे, ते दिवा मालवून टीव्हीसमोर बसायचे. तोंड पडद्याकडे, पाठ पोरांकडे. चेहरा कोणाला दिसत नाही म्हटल्यावर त्यांना कंठ फुटायचा. नाव चालवणारी कोहारू, तिचा म्हातारा आजा, नावेत बसणारे व्यापारी आणि भिक्षू, सगळ्यांचं बोलणं ते ओठांच्या हालचालीवरून जुळवायचे. थोडं मराठीत, थोडं तोडक्यामोडक्या पावरीत.

नावाडी आजा मात्र हक्काचा. त्याच्या मिशा एवढ्या दांडग्या, की तोंड हलतंय की नाही हेच दिसायचं नाही. त्यामुळे त्याने केव्हाही काहीही बोलावं. आजच्या डाळीत डाळ शोधायला होडी लागेल म्हणावं, मुख्याध्यापकांची फटफटी नदी ओलांडायला मागावी. दिवाल्या हसून हसून पुढच्या पोराच्या पाठीवर कोसळायचा. आणि खरं सांगायचं तर पुढच्या भागाची वाट पोरांपेक्षा गुरुजीच जास्त बघायचे. ही गोष्ट त्यांनी जन्मात कोणाला सांगितली नव्हती.

नवा पहिला भाग संक्रांतीनंतर आला. जेवणं झाल्यावर सून चेतनाने ओट्यावर आपला मोबाईल तांब्याला टेकवून लावून दिला. आतून भिकुबाई आल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या.

"काय दखी ऱ्हायनात? धल्ला व्हई गयात, केस पिकनात आनि कार्टून दखतस!"

"जुनं शे ते. नवं करेल शे."

"जुनं शे ना? मंग तुम्हना जोडीदारच व्हयना तो," म्हणत त्या भांड्यांकडे गेल्या.

गुरुजींनी मान डोलावली, पण त्यांचं मन खट्टू होत चाललं होतं. पूर्वीची नदी म्हणजे एकाच रंगाचा हात फिरवलेला पट्टा असायची. आता पाण्याचा थेंब न् थेंब चकाकत होता आणि नदी कुठे दिसतच नव्हती. जुनी कोहारू पायरीवर बसून पाण्याकडे बघत राहायची, तेवढ्यात गुरुजींची एक अख्खी म्हण सांगून व्हायची. ही नवी बसायलाच तयार नव्हती. तोंडं सारखी चालू. यांच्या बोलण्यात बोट शिरायला फट नाही, तिथे आपला आवाज कुठून शिरणार? आपण उगाच येऊन बसलो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात नावेतल्या व्यापाऱ्याने आज्याला भाडं विचारलं. वल्हं मारता मारता कोहारू म्हणाली, "दादाजी से मत पूछिए. वे जनम से बोल नहीं सकते."

गुरुजींनी चेतनाला तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

नावाडी मुका होता! पहिल्यापासून मुकाच असणार, आवाजाशिवाय कळणार कसं? इतकी वर्षं एका मुक्या माणसाच्या मिशांआडून आपण बोलत होतो. एरवी गुरुजी या गमतीवर मनात हसलेही असते. पण तिकडे पाड्यावर दिवाल्या गप्प बसला होता, आणि त्याला बोलतं करायला हाच नावाडी हवा होता. त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. पुढे कितीतरी दिवस त्यांनी हा विषयच काढला नाही.

तो काढला चेतनाने. पिशवीत कोथिंबीर भरता भरता ती म्हणाली, "आप्पा, होळी व्हई गई. तिनी वाट दखी व्हई ना!"

दुपारी गुरुजींनी आपला मोबाईल स्वतःहून तिच्यापुढे धरला आणि आवाज भरायचं बटण कुठलं म्हणून विचारलं.

पहिल्या खेपेला त्यांनी नावाड्याला बोलतं केलं. आवाज चिरका झाला होता, पावरी शब्द ऐन वेळी दडी मारत होते, आणि पडद्यावरची तोंडं त्यांच्या पुढे पळत होती. तरी रेटून नेलं. आज्याच्या दोन थट्टा जमल्याही. शेवटी आज्याकडून म्हणवून घेतलं, "काय रे दिवाल्या, आता बोल की!"

परत ऐकलं तेव्हा त्यांनाच शरम वाटली. आजाऱ्याच्या खाटेशी बसून त्याला उगाच डिवचणाऱ्या पाहुण्यासारखा तो आवाज होता. घरात येईल तो बोल, बोल म्हणतो. त्यात आणखी एक. त्यांनी ते पुसून टाकायला लावलं.

दुसऱ्या खेपेला कोहारू बोलली, व्यापारी बोलला, जे निसटलं ते निसटू दिलं. नावाडी आला की गुरुजी गप्प बसले. त्या जागी गल्लीतून जाणारा उसाचा ट्रॅक्टर आला, भिकुबाईंच्या हातून पडलेलं झाकण आलं, मग नुसताच श्वास.

"आप्पा, आठे काहीच नही शे. बंद पडनं का?" चेतना कानाला मोबाईल लावून म्हणाली.

"नही. आठे नावाडी शे."

"मंग बोला ना!"

"तो बोलस नही."

भिकुबाईंनी कपाळाला हात लावला. "इतला दिन लायात, आनि तिनी जे मांगं व्हतं, नेमकं तेच नही दिधं!"

त्या म्हणत होत्या ते खरंही असेल. थकलेल्या गळ्याने शोधलेली ही पळवाट तर नव्हे, अशी शंका गुरुजींना स्वतःलाच येत होती. चेतनाने आवाज कार्डात घातला आणि कार्ड काढून दिलं. मग कागद पुढे ओढून, आणखी विचार सुचायच्या आत त्यांनी लिहून टाकलं:

"चि. सोनमस आशीर्वाद. फार उशीर केला. नवा भाग मला आवडला नाही. घाई फार आहे. पण त्यात कळलं की आपला नावाडी जन्मापासून मुका आहे. शाळेत तो बोलायचा, कारण मला गप्प बसवत नव्हतं. म्हणून या वेळी मी त्याला बोलायला लावलं नाही. तू मागितलंस ते दिलं नाही, हे मला कळतं. दिवाल्याला एवढंच सांग, नावाडी कधीच बोलला नाही, तरी त्याच्या नावेतून कोणी उतरून गेलं नाही. माझं चुकत असेल तर तसं कळव."

शहाद्याच्या टपाल कचेरीत कारकुनाने पत्ता वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"गुरुजी, त्या पाडासवरला लोके होळी व्हताच परत गुजरातले जातस. घर बंद ऱ्हायनं तर हाई परत ई."

"बहीण शे तठे," गुरुजी म्हणाले. "भाऊनं माहीत नही."

भाऊ गेलाच असेल तर नवल नव्हतं. न बोलणारा मजूर मुकादमाला चालतो. उलट तोच बरा पडतो. हा विचार एसटीत चढल्यापासून त्यांच्याबरोबर होता आणि आता खिडकीशीही उभा होता. मागे रांगेतल्या बाईने विचारलं, "बाबा, व्हयनं का तुम्हनं?" गुरुजींनी पाकिटावरचा हात उचलला.

कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.