विनंतीचा नमुना

परराष्ट्र खात्यात सगळे तिला दुभाषीबाई म्हणत. आठ मंत्री आले नि गेले, पण त्यांच्या उजव्या खांद्यामागची खुर्ची सव्वीस वर्षं तिचीच. समुद्रापलीकडच्या त्या चिमुकल्या डोंगराळ देशाची भाषा तिच्याइतकी कुणालाच येत नव्हती. येणार कशी? आपल्या एवढ्या मोठ्या, जगाला दरडावणाऱ्या देशात ती शिकायची गरजच कुणाला वाटली नव्हती. तीन आठवड्यांत तिथलं सरकार सरळ करून येतो म्हणून फौज गेली, सात महिने राहिली आणि रणगाडे तिथेच टाकून हात हलवत परतली. सगळी परतली असंही नाही. चौदा पोरं त्यांच्या ताब्यात राहिली, आणि त्यातला एक बाईच्या धाकट्या बहिणीचा मुलगा होता.

हे तिने खात्यात कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर बैठकीला दुसऱ्याला पाठवलं असतं, आणि त्या दुसऱ्याला त्या भाषेत धड पाणीही मागता येत नव्हतं. भाच्याच्या पायाला गोळी लागली होती, जखम चिघळत चालली होती, एवढं त्यांच्या डॉक्टरने कळवलं होतं. बहीण रोज फोन करायची आणि एकच शब्द विचारायची, कधी? बाई म्हणायची, मंगळवारी बोलणी आहेत, धीर धर. स्वतःचा धीर कधीच सुटला होता, पण ते फोनवर सांगायचं थोडंच असतं.

आणि बोलणी कुठे, तर तिसऱ्याच देशातल्या एका हॉटेलात. पूर्वी असल्या देशांचे मंत्री आपल्या खात्याच्या बाकावर तासन्‌तास ताटकळायचे. आज आपले मंत्रीसाहेब लॉबीतल्या सोफ्यावर चाळीस मिनिटं बसून होते. एक राजदूत समोरून गेला. वर्षापूर्वी हाच माणूस साहेब दिसले की धावत यायचा. आज त्याने लांबूनच मान हलवली आणि लिफ्टमध्ये शिरला. साहेबांनी उगीचच घड्याळ पाहिलं. बाईला त्यांची कीव आली, आणि कीव यावी अशी वेळ आली म्हणून रागही आला.

समोरचा मंत्री पूर्वी शाळेत शिकवायचा. खात्यात त्याला हेटाळणीने मास्तर म्हणत. तो आला, बसला, आणि बोला म्हणाला.

आता खात्यात एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण बाईला तो पहिल्याच आठवड्यात तिच्या वरच्या दुभाष्याने पढवला होता. आपल्या बाजूने विनंती हा शब्द बाहेर पडत नाही. साहेब चुकून म्हणालेच तर आपण अपेक्षा म्हणायचं. आपण विनंती करत नसतो बाई, आपण कळवतो. तर सव्वीस वर्षं तिने इमानेइतबारे कळवलं होतं, आणि जिभेला त्याचं असं वळण पडलं होतं की मेंदूला विचारायची गरजच उरली नव्हती.

साहेब खाकरले. कागद बाजूला ठेवून म्हणाले, "आमची चौदा मुलं परत द्यावीत, अशी मी विनंती करतो."

आणि बाईचं तोंड त्या भाषेत म्हणालं, चौदा मुलं परत मिळावीत अशी आमची अपेक्षा आहे.

शब्द गेला आणि मग तिला ऐकू आला. मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं.

"अपेक्षा," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे ताठा अजून आहेच तर." ते उठले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची सगळी माणसं उठली.

दुभाष्याने बैठकीत उठायचं नसतं. बाई उठली. त्यांच्या भाषेत स्पष्ट म्हणाली, "चूक माझी आहे. साहेब विनंती म्हणाले. अपेक्षा मी म्हटलं." मग तेच साहेबांना आपल्या भाषेत सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला.

मास्तर तिच्याकडे वळले. ही चूक किती वर्षं करताय, त्यांनी विचारलं. सव्वीस, ती म्हणाली. ते परत बसले. मग म्हणाले, असं असेल तर ते कागदावर द्या. आधी आमच्या भाषेत, खाली तुमच्या, सहीनिशी, चारच्या आत. साहेब बाहेर जाऊन अर्धा तास फोनवर बोलले आणि आत येऊन सचिवांना म्हणाले, लिहा.

पण लिहायचं कसं? सचिवांच्या लॅपटॉपवर खात्याच्या पत्रांचे सगळे नमुने होते. निषेधाचा होता, इशाऱ्याचा होता, खुलाशाचा, अभिनंदनाचा, शोकसंदेशाचासुद्धा होता. विनंतीचा नव्हता. सव्वातीन वाजले. सचिवांना घाम फुटला. शेवटी त्यांना स्वतःचाच एक अर्ज सापडला, मेहुणीच्या लग्नासाठी दोन दिवसांच्या रजेचा. त्यावरच बेतलं. दोन दिवसांच्या जागी चौदा जवान घातले. खाली होतंच, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती, आपला विश्वासू. साहेबांचं पेन तिथे अडलं. हे विश्वासू हवंच का, त्यांनी विचारलं. बाई म्हणाली, असतंच ते, साहेब. त्यांनी सही केली.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि गुरुवारी विमान पाठवा म्हणाले.

शनिवारपर्यंत तो अर्ज जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. लोक पोट धरून हसले. मग दोन बेटांच्या सरकारांनी चारचार ओळींत कळवलं, आमच्याकडचे तुमचे लष्करी तळ हलवा. इतकी वर्षं त्यांची हिंमत झाली नसती. साहेबांचं पद गेलं, बाईची बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. पोरगा घरी आला होता.

रविवारी दुपारी ती बहिणीकडे गेली. पाय वाचला होता, दोन बोटं गेली होती. बहीण जेवण वाढायला आत गेली तशी भाचा म्हणाला, ते पत्र तिथे अंगणात आम्हाला दोन्ही भाषांत वाचून दाखवलं. आमच्या कॅप्टनने भिंतीकडे तोंड केलं. बाईला वाटलं, पोराला लाज वाटतेय. दुसरा मार्गच नव्हता रे, ती सांगू लागली.

"तसं नाही, मावशी," तो म्हणाला. "मी विचार करत होतो, आपल्याला असं बोलता येत होतं, तर आम्हाला पाठवायच्या आधी का नाही कुणी बोललं?"

ते मंत्र्यांचं काम, आपलं नाही, असं म्हणता आलं असतं. तिला ते म्हणवेना. फौज जाण्याआधी चार बैठका झाल्या होत्या आणि चारही बैठकांना ती खुर्चीत होती.

"बोलले होते," ती म्हणाली. "शेवटच्या बैठकीत तेव्हाचे साहेब म्हणाले, आमची अडचण जरा समजून घ्या. मी त्यांना बजावलं, समजून असा."

भाच्याने तिच्याकडे पाहिलं आणि पाय पांघरुणात ओढून घेतला. बहीण ताटं घेऊन आली आणि म्हणाली, गार होतंय, जेवा.