दीड रुपयाचा फुकट डबा

मी एक जुना चहाचा डबा आहे, मित्रांनो. पत्र्याचा, चौकोनी आणि एका कोपऱ्यात चांगलाच पोचलेला. झाकण काढताना मी अजूनही कुरकुरतो. का नाही कुरकुरणार? सगळ्यांनी मला 'फुकटचा डबा' म्हटले आणि मीही खुळ्यासारखा ते नाव मिरवत राहिलो! आज मात्र सगळे सांगून टाकतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, ठोकला, आणि माझ्या पोटावर शिडाचे पिवळे गलबत छापले. मग आम्हां चाळीस भावंडांना गवतात गुंडाळून खोक्यात घातले आणि बोटीने मालवणला पाठवले. ते १९५८ साल होते. बोटीच्या तळाशी अंधारात माझा जीव घुसमटून गेला, पण बाजारपेठेत दाजींच्या दुकानातल्या फळीवर ऊन अंगावर आले तेव्हा मी असा काही चमकलो म्हणून सांगू!

दुकानाच्या दारात एक पाटी टांगलेली असे. तिच्यावर लिहिलेले होते, 'चहा, एक पुडा अडीच रुपये.' आम्ही आलो त्याच दिवशी दाजींनी अंगठा ओला करून ते पुसले आणि खडूने मोठ्या अक्षरांत नवे लिहिले, 'तीन पुडे नऊ रुपये. डबा फुकट!' शेवटचा शब्द त्यांनी दोनदा गिरवला. मला हिशेब येत नव्हता. फुकट म्हणजे काहीतरी मोठा मान असावा असे वाटून मी छाती फुगवून बसलो.

आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणतात. समुद्र खवळतो, मुंबईच्या बोटी बंद होतात, त्या थेट चार महिन्यांनी सुरू होतात. म्हणून मे महिन्यात घरोघरच्या बायका मीठ, मिरची, सुकी मासळी, गूळ, चहा असे सगळे एकदम भरून ठेवतात. आगोटीच्या खरेदीत जास्त घेतले तर कोणी नावे ठेवत नाही. दाजींना हे पक्के ठाऊक होते.

असेच एके सकाळी नर्मदाबाई दुकानात आल्या. त्या गावातल्याच मेढा नावाच्या वाडीतल्या. त्यांचे यजमान भिकाजी मुंबईच्या गोदीत कामाला होते.

"एक पुडो चाय दिया, दाजी," त्या म्हणाल्या.

"वयनी, एक कशाक? तीन घेवा. ह्यो डबो फुकट आसा!" दाजींनी मला पुसून त्यांच्या हातात ठेवले.

नर्मदाबाईंनी माझ्यावरच्या गलबतावरून बोट फिरवले. "चाय म्हागली काय ओ?"

"आगोटीचे दिवस आसत, वयनी."

एक पुडा सुटा कितीला, हे काही त्यांनी विचारले नाही. आदल्या दिवशी पंधरा बायका येऊन गेल्या, त्यांतल्या एकीनेही विचारले नव्हते. नर्मदाबाईंनी नऊ रुपये मोजले, आणि मी त्यांच्या काखेत बसून ऐटीत मेढ्याला निघालो.

घरी त्यांची मुलगी सुशीला दारातच उभी होती. सतरा वर्षांची, काटकुळी, डोळे मोठे. तिला मुंबईच्या एका इस्पितळात नर्सच्या शिक्षणासाठी घेतले होते. दोन जूनला हजर व्हायचे, नाहीतर जागा दुसरीला, असे पत्रात स्वच्छ लिहिलेले होते. तिने ते पत्र इतक्या वेळा वाचले होते की घड्यांवर फाटायला आले होते. बेत ठरलेला होता. शनिवारी भिकाजींची मनीऑर्डर येईल आणि मंगळवारच्या शेवटच्या बोटीने सुशीला जाईल.

आणि तेवढ्यात शेजारचा शंकर धावत आला. तो पडावावर काम करी. बोट खोल पाण्यात उभी राहते, तिच्यापर्यंत माणसे नेतो तो पडाव.

"वयनी, बंदरार बावटो लागलो! दर्या बिघडलो. आजची बोट शेवटची. मंगळवारची येवची नाय!"

सुशीला आईकडे वळली. "आये, तिकिटाक पैसे आसत मा?"

नर्मदाबाईंनी कनवटीची पिशवी उपडी केली. पाच रुपये. तिकीट आठ रुपये. एस.टी.ने घाट चढून पुढे आगगाडीने जायचे तर दुप्पट. शेजारीपाजारी मागावे, तर आगोटीच्या दिवसांत सगळ्यांचेच पैसे डब्यांत आणि मडक्यांत गेलेले असतात.

नर्मदाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मित्रांनो, त्या नजरेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सकाळी एकच पुडा घेतला असता तर?

"तू बोचका घेवन बंदरार चल," त्या सुशीलाला म्हणाल्या. "मी इलंयच." त्यांनी तिन्ही पुडे माझ्यात कोंबले आणि पदर खोचून धावत सुटल्या. वळणावर चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, मी धाडकन आपटलो. हा कोपरा तेव्हाच पोचला. दुखले, पण मी ब्र काढला नाही.

दुकानात गर्दी होती. मेढ्यातल्याच मथुराकाकू तीन पुडे आणि माझा एक भाऊ घेऊन पैसे काढतच होत्या.

"दाजी, ह्यां परत घेवा. नऊ रुपये माका परत करा."

"वयनी, इकलेलो माल मी परत घेणंय नाय."

"माझ्या चेडवाची बोट सुटता, दाजी! ता आज गेला नाय तर जागा जातली त्याची." नर्मदाबाईंचा आवाज फाटला.

दाजी चुळबुळले. माणूस वाईट नव्हता, फक्त दुकानदार होता. त्यांनी पुडे काढून बघितले, मग मला उलटेपालटे केले आणि त्यांची नजर माझ्या कोपऱ्यावर गेली. सवयीने तोंडातून निघून गेले, "डबो पोचलो. डब्याचे दीड रुपये कापूचे लागतले."

नर्मदाबाईंनी माझ्या कोपऱ्याकडे बघितले. मग हळूच म्हणाल्या, "फुकटच्या डब्याचे पैसे कसले कापतात, दाजी?"

बंदरावरून बोटीची पहिली शिटी ऐकू आली.

"सुटो पुडो कितक्याक?" नर्मदाबाईंनी विचारले.

"अडीच," दाजी पुटपुटले. "माझ्यार रागावू नकात, वयनी. मुंबयच्या यापाऱ्यान माझ्या गळ्यात बांधले ते डबे. पैशे काय त्यान सोडले?"

आता मलाही हिशेब आला. तीन अडीच साडेसात. वरचा दीड रुपया माझा! मी फुकट नव्हतोच कधी. त्या नऊ रुपयांत मी चोरासारखा लपून बसलो होतो. लाजेने मला माझे गलबत झाकून घ्यावेसे वाटले.

"मगे डबो माझो," नर्मदाबाई म्हणाल्या. "त्याचे पैसे मी दिलंय. एक पुडो माका होयोच होतो, तो ऱ्हवांदे. दोन पुड्यांचे पाच रुपये आत्ता दिया."

दाजींनी गल्ल्यातून पाच रुपये काढून समोर ठेवले. मथुराकाकूंनी माझ्या भावाला फळीवर परत ठेवले आणि म्हणाल्या, "माका पण एकच पुडो."

मग पुन्हा धावपळ. दुसरी शिटी झाली. तिकिटाची खिडकी बंद होत होती. नर्मदाबाईंनी फटीतून हात आत घातला तो तिकीट मिळेपर्यंत काढलाच नाही. तिकडे पडावाचा दोर सुटला होता आणि शंकर त्याचे टोक हातात धरून पडावाच्या म्होरक्याच्या, तांडेलाच्या, शिव्या खात उभा होता. सुशीला गुडघाभर पाण्यात शिरली. नर्मदाबाईंनी तिकीट आणि उरलेले दोन रुपये तिच्या मुठीत कोंबले, शंकरने तिला ओढून वर घेतले. माय-लेकींना नीट रडताही आले नाही.

ती गेली. बोट ठिपक्याएवढी झाली तरी नर्मदाबाई मला पोटाशी धरून वाळूत उभ्याच होत्या. मग माझ्या पोचलेल्या कोपऱ्यावरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "चल, दीड रुपयो."

तेव्हापासून त्या घरात मला हेच नाव पडले. तो एक पुडा पावसाळाभर पुरला, दोन चमचे उरलेसुद्धा. सुशीला तीन वर्षांनी नर्स होऊन सुट्टीवर आली. तिने माझ्यात दोन रुपये ठेवले आणि म्हणाली, "आये, उरलेले." आजही बाजारात कोणी काही फुकट देऊ केले, की या घरची माणसे आधी विचारतात, "डब्याशिवाय कितक्याक?"

मित्रांनो, आता माझ्या तळाला गंज चढला आहे. मला भंगारात टाकू नका, कोरडे पुसून ठेवा. आणि मला फुकटचा तेवढा म्हणू नका. त्या शब्दापायी एका मुलीची बोट चुकणार होती. मी दीड रुपयाचा आहे, आणि ते दीड रुपये नर्मदाबाईंनी रोख दिलेले आहेत.