जपानी साहेबाचं ‘हय’

सदाशिवच्या जिभेला गोव्यातल्या पाळी गावात पंचांइतका मान होता. काजूची दारू कुणाची कच्ची, कुणाची करपलेली, कुणी गुपचूप पाणी घातलेलं, हे तो थेंबभर तळहातावर चोळून, हुंगून, जिभेच्या टोकाला लावून सांगायचा. त्याची भट्टी डोंगराच्या पायथ्याशी, झरीला लागून होती. दारू गाळताना मडक्यावर सारखं गार पाणी ओतावं लागतं, आणि ती झर वैशाखातही आटत नसे. निम्मं गाव तिचंच पाणी पीत होतं.

नेमक्या त्याच झरीवर डोंगरातल्या लोखंडाच्या खाणीची टाकाऊ माती ओतायचं ठरलं. गावाने तीन अर्ज केले. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी खाणीचा मॅनेजरच वैतागून म्हणाला, “माझ्या हातात काय आसा? माल जपानाक जाता. जपानी सायबान सांगल्यान तरच मालक आयकतलो.”

बहात्तरच्या एप्रिलात तो जपानी साहेब आला. नाव नाकामुरा, वय पन्नाशीचं, वाकून नमस्कार करायची भारी सवय. येताना त्याने आपल्या देशाच्या व्हिस्कीच्या चार बाटल्या आणल्या होत्या, आणि इथल्या दारूतल्या जाणकाराने त्या चाखून मत द्यावं अशी त्याची हौस होती. मॅनेजरने सदाशिवला बोलावणं धाडलं. देवच पावला म्हणायचा. सदाशिवने भर उन्हात इस्त्रीचा सदरा गळ्यापर्यंत बटणं लावून घातला.

“दारूचां मागीर,” बायको शेवंती दारातून म्हणाली, “आदी झरीचां सांगा.”

खाणीच्या बंगल्याच्या पडवीत ग्लास मांडलेले होते. साहेबाची भाषा जाणणारा बाबाजी बोटीच्या कामाला वास्कोला गेलेला, मॅनेजर जेवून आत घोरत पडलेला. उरले दोघेच, आणि मध्ये चार बाटल्या.

सदाशिवने आपली रीत सोडली नाही. पहिली तळहातावर चोळली, तर हात सुकायच्या आत वास पळाला. त्याने नाक मुरडलं. दुसरीला धुराचा वास होता. ओली लाकडं घातली असणार, त्याने मनात म्हटलं आणि उघड म्हणाला, “करपली ही.” साहेब खूश होऊन हसला आणि ऐकला तसा तो शब्द वहीत लिहून घेतला. आपली चूक कुणी दाखवली की एवढं हसतात का, सदाशिवला कळेना. तिसरीला देव्हाऱ्यातल्या चंदनाच्या खोडाचा वास होता. चौथी मात्र त्याने जिभेवर ठेवली आणि गिळली.

“ह्येचां पाणी बरां आसा,” तो म्हणाला.

साहेब खुर्चीतून उठलाच. “पानी! बरा!” बंगल्याच्या आचाऱ्याकडून त्याने इथल्या बोलीतले हे दोनच शब्द उचलले होते.

सदाशिवला वाटलं, हीच वेळ. त्याने डोंगराकडे बोट केलं. “सायबा, आमची झर आसा थंय. तिचां पाणीय असांच बरां. तिच्यार माती घालतत. तुमी मालकाक सांगा, झर पुरू नकात म्हणान. सांगशात मरे?”

साहेब मान हलवत, त्याच्या डोळ्यांत बघत ऐकत होता. “हाय,” तो म्हणाला. “हाय, हाय.”

आणि वहीत लिहिलं!

आता गोव्याच्या बोलीत होकाराला ‘हय’ म्हणतात, हे पाळीतलं शेंबडं पोरही सांगेल. मग साहेब ‘हय’ म्हणाला याला आणखी कुणाची साक्ष हवी? घोडं गंगेत न्हालं. उरलेली चौथी बाटली साहेबाने निघताना त्याच्या हातात ठेवली. त्या संध्याकाळी झरीवर सहा जणांनी ती झरीचंच पाणी घालून चमचा चमचा घेतली. शेवंतीने झरीला नारळ फोडला. चौथा अर्ज लिहून तयार होता, तो कुणी दिलाच नाही.

पाऊस सरला आणि दसऱ्यानंतर ट्रक आले. सदाशिव हात पसरून पहिल्या ट्रकपुढे उभा राहिला, “सायब हय म्हणालो हा!” म्हणून ओरडला. ड्रायव्हरने त्याला हाताला धरून बाजूला केलं, मारलं-बिरलं नाही. दिवाळीपर्यंत झरीवर माडाएवढा ढीग उभा राहिला. बायका दोन डोंगर ओलांडून पाणी आणू लागल्या आणि भट्टी बंद पडली.

पुढच्या एप्रिलात साहेब पुन्हा आला, पुन्हा बोलावणं आलं. सदाशिव चुरगळलेल्या सदऱ्यात गेला. या खेपेला बाबाजी होता. त्याला बाजूला घेऊन सदाशिवने पहिल्यांदा साहेबाच्या त्या ‘हय’चंच विचारलं.

बाबाजी हसला. “अरे, तां ‘हाय’! त्यांच्या भाशेत ‘आयकतंय, फुडें सांग’ इतकांच. होकार न्हय तो.”

वर्षभर सदाशिव साहेबाला शिव्या घालत होता. आता त्या शिव्या द्यायलासुद्धा कुणी उरलं नाही.

साहेबाने वही उघडून मोठ्या आनंदाने वाचून दाखवलं. बाबाजीने सांगितलं, “दुसरेक तू करपली म्हणालंस, चवथेक पाणी बरां म्हणालंस. आनी डोंगराकडे बोट दाखवन, आमचांय पाणी असांच, म्हणालंस. सायब म्हणता, औंदा त्याच पाण्यातसून व्हिस्की घेवची आसा. फाल्यां तांब्याभर हाडशीत काय?”

उद्या पाणी आणणार का, या उत्तराची साहेब वाकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट बघत होता. डोळ्यांत नुसता लोभ, तोही पाण्याचा, आणि कपट कणभर नाही. झर पुरली हे सांगितलं असतं तर त्या भल्या माणसाला वाईट वाटलं असतं. मातीचा ढीग काही हलला नसता.

“हाय,” सदाशिव म्हणाला. “हाय, हाय.”

आणि घरी गेला. बाबाजी नंतर सांगत होता, दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत साहेब पडवीत धुतलेला ग्लास घेऊन बसला होता.