निळी पेटी

देवानंदच्या दुकानात कविताला तासभर झाला होता आणि डोकं पार भंजाळलं होतं. जव्हारच्या बाजारातल्या त्या दुकानात कॅमेऱ्याच्या बॅगा मोजून तीन, तरी तिला निवडता येईना. पाठीवरची घेतली तर मागून नुसती बॅग आणि खाली दोन पाय दिसायचे. कमरेची चालताना घसरायची. तिसरी निळी, चौकोनी, लांब पट्ट्याची. तिच्यातून कॅमेरा चटकन हाती यायचा, पण आरशात बघितलं की काहीतरी खटकायचं. काय, ते काही उमगेना.

जवळच्या पाड्यावरच्या मंगळूच्या पोरीचं लग्न हे तिचं फोटो काढायचं पहिलंच काम. आजवर गावात, पोशेऱ्यात, ती हेमंतची बहीण, फोटू काढते ती, एवढीच होती. आता लोकांना लांबूनच कळायला हवं होतं की फोटोवाली आली. भाऊ म्हणाला पाठीवरची घे, आई म्हणाली कमरेची. ऐकावं जनाचं, करावं मनाचं हे खरं, पण मनच धड बोलत नसेल तर माणसाने करावं काय? शेवटी देवानंदच कंटाळला. त्याने निळी तिच्या गळ्यात अडकवली आणि सांगितलं की किमतीची चिठ्ठी तोडू नको, सोमवारपर्यंत बदलून देईन.

लग्नाच्या दिवशी हेमंतने मोटारसायकल ओहोळाशी थांबवली. पुढे पायवाट होती, म्हणून तो तिथेच थांबला. कविता पाड्यात शिरली आणि पोरं तिला बघून पळत सुटली. एरवी कुठलीही पोरं कॅमेऱ्यापुढे एकमेकांना ढकलतात, इथलं एक तर आंब्यावर जाऊन बसलं. मग घराघरांतून बाया तान्ही लेकरं घेऊन बाहेर आल्या आणि रांगेत बसल्या. प्रत्येकीच्या हातात कार्ड होतं. कविता चक्रावली. लग्नात कार्डं कशाला? आपण भलत्याच पाड्यावर तर नाही आलो?

रांगेतल्या सुकरीने लेकराची चड्डी उतरवून विचारलं की सुई दंडात देणार की मांडीत, तेव्हा कुठे उजेड पडला. लस घेऊन येणाऱ्या नर्सबाईंची पेटी अशीच असते, निळी, चौकोनी, लांब पट्ट्याची. आरशात खटकत होतं ते हेच. खरं कळल्यावर बाया पोट धरून हसल्या आणि कविताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकटी चैती हसली नाही. ती वरच्या पाड्यावरची. तिच्या पदराखालचं पोर तापाने फणफणलं होतं, डोळेही नीट उघडत नव्हतं.

"मग ते पेटीत काय आहे?" तिने विचारलं.

कविताने झाकण उघडून कॅमेरा दाखवला. चैतीने पदर बाजूला करून पोराचं तोंड पुढे केलं.

"मग याचा एक फोटू तरी काढ," ती म्हणाली. "आमचेकडे एकही नाही."

कविताचा हात कॅमेऱ्यापाशी थबकला. तो फोटो कशाला हवा होता ते तिला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं. मांडवात हळदीची गाणी सुरू झाली होती. हळद हुकली की काम गेलंच. तिचा एक पाय मांडवाकडे ओढत होता, दुसरा ओहोळाकडे. मग तिने झाकण लावलं.

"फोटो मागाहून. आधी हेमंतच्या गाडीवर बस."

मोखाड्याच्या दवाखान्यात पोराला सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. कविता बाकावर बसून राहिली. हळद आटोपली असेल, मंगळू शिव्या घालत असेल. आपण केलं ते शहाणपणाचं की खुळेपणाचं, तिला अजून सांगता येत नव्हतं. रडू येत होतं आणि हायसंही वाटत होतं.

चैती शेजारी येऊन टेकली. नर्सबाईला शोधायलाच सकाळी उतरले होते, म्हणाली.

"आज बाई नाही, असं पाड्यावर सांगितलं, तशी माघारी निघाले होते. मग लांबून तुझी पेटी दिसली."

कविताने पट्टा गळ्यातून काढला नाही. त्याला लोंबणारी दुकानाची चिठ्ठी तेवढी दातांनी तोडून टाकली.