मंगळवारचं धुकं

कोरीन हासकॅम्पला एखादा प्रश्न पडला की उत्तर सापडेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे. नेब्रास्कातल्या तीन गावांच्या मिळून असलेल्या शाळांची ती सहायक सुपरिंटेंडंट होती, आणि तीन वर्षं दर रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑनलाइन डॉक्टरेट करत होती. जूनमध्ये सुपरिंटेंडंट लाइल वोंद्राचेक निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची हवी असेल तर मेपर्यंत प्रबंध मंजूर झालेला हवा, असं शाळांच्या मंडळानं तिला तोंडावर सांगितलं होतं.

विषय तसा साधा. हवा खराब असली की शाळा बंद ठेवायची की उशिरा भरवायची, हे सुपरिंटेंडंट ठरवतो कसं? हिवाळ्यात हे काम ऑफिसात बसून होत नाही. लाइल पहाटे चारला पिकअप काढत, खडीच्या रस्त्यांवर स्वतः घसरून पाहत आणि साडेपाचला निर्णय कळवत. बावीस वर्षांच्या नोंदी त्यांनी कोरीनच्या हवाली केल्या, वर संमतिपत्रावर सहीही दिली.

तिनं त्या नोंदी जवळच्या विमानतळाच्या हवामानाशी ताडून पाहिल्या. बर्फ जुळला, गारठा जुळला. धुकं मात्र काही केल्या जुळेना. आठ वर्षांपूर्वी, म्हणजे कोरीन इथे यायच्या आधी, फेब्रुवारी ते मे सलग चौदा मंगळवार 'धुकं, दोन तास उशीर' अशी नोंद होती. चौदाही दिवस आकाश लख्ख. वार बघून पडणारं धुकं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिनं चर्चच्या जेवणात विचारलं, धान्याच्या कोठारापाशी विचारलं. जो तो म्हणे, "हो हो, फार दाट होतं त्या वर्षी," आणि मक्याच्या पेरणीवर घसरे. शेवटी ती लाइलसमोर जाऊन बसली.

"हे चौदा दिवस?"

"धुकं होतं."

"विमानतळावर नव्हतं."

"मग मुलांना विमानतळावर शिकायला पाठव."

कोरीन हसली नाही. हे दिवस गाळले तर प्रबंध लंगडा, म्हणजे खुर्ची गेली. ठेवले तर दोन महिन्यांत निवृत्त होणाऱ्या माणसानं सरकारी कागदावर खोटं लिहिलं, हे ती जगजाहीर करणार. तिला खरंच भीती वाटत होती. "संमती कधीही मागे घेता येते," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी गाळते."

लाइलनी नकारार्थी मान हलवली. "ते धुकं माझं नाही, डॉक्टरबाई. आर्लिसचं आहे. तिला विचार."

आर्लिस टीमन एकतीस वर्षं उत्तरेकडच्या फेरीची बस चालवत होती. कोरीन गेली तेव्हा ती बसच्या काचा पुसत होती.

"मार्विनची किमो होती," हातातलं फडकं न थांबवता ती म्हणाली. "दर मंगळवारी, ओमाहाच्या मोठ्या इस्पितळात. पहाटे नवऱ्याला बहिणीकडे पोचवायचं, पुढे ती न्यायची. मी परत येईस्तोवर आठ वाजायचे. बदली ड्रायव्हर काही मिळेना. राजीनामा घेऊन गेले, तर लाइल म्हणतो, 'मंगळवारी धुकं पडेलसं दिसतंय बरं का.'"

"आणि लोक?"

"लोकांचं काय विचारतेस? ऊन चांगलं वर आलेलं, आणि परतीच्या वाटेवर समोरून येणारी एकूण एक गाडी दिवे लावून. धुकं ना! मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. मार्विन गेल्यावरही नाही."

कोरीननं वही काढली. "लिहू हे?"

"लिही की. आठ वर्षं झाली, आभार कुणाचे मानायचे तेच कळत नाही मला. तुझ्या पुस्तकात तरी मानून टाक. लाइल कुरकुरेल. त्याचं आपलं झाकली मूठ सव्वा लाखाची."

लाइल कुरकुरलेच, पण संमती कायम ठेवली.

प्रबंधाची तोंडी परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी झाली. पडद्यावर तीन चेहरे. मार्गदर्शक डॉ. ऑसबर्न यांनी नेमका तोच तक्ता काढला. "चौदा दिवस दहा मैलांपर्यंत स्वच्छ दिसत होतं. मग धुकं दिसलं कुणाला?"

"सगळ्यांना, सर. म्हणून रकाने दोन केलेत. आकाशात स्वच्छ, गावात धुकं."

"पण इतक्या लोकांना हे कळवलं कुणी?"

"ते अजून सापडलेलं नाही," कोरीन म्हणाली. "कुणी कुणाला सांगितल्याची एकही खूण मिळत नाही. हाच माझा पुढचा प्रश्न आहे."

मग ऑसबर्न म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर हासकॅम्प."

बातमी सांगायला ती आर्लिसकडे निघाली. रस्ता सरळ, ऊन कडक, दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं. काय मनात आलं कोण जाणे, तिनं गाडीचे दिवे लावले. समोरून एक जुना ट्रक येत होता. आतल्या म्हाताऱ्याला ती ओळखतही नव्हती. त्यानं तिच्या गाडीकडे पाहिलं, सवयीनं रामराम केल्यासारखी स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली, आणि स्वतःचे दिवे लावले.